अंजूचा पट्टा

—नाही बाई, मले काही झालं नाही. माही लेक हाये आत, अंजू. एकोनीस वर्साची. जन्मली तवा रडलीच नाही, तवापासून हातपाय आखडते तिचे, अन् आता पाठ बी एका अंगाले वाकून राह्यली. मेडशीहून एसटीनं आनतो इथं वाशीमच्या दवाखान्यात, व्यायामाले. अन् आज व्यायामवाल्या मॅडमनं मलेच बाहेर बसवलं — काहून? सांगतो ना.

पोरगी लय हुशार हाये. अचानक आवाज झाला का पाय ताडकन उडते, तिच्या हाती नसते थे. मांगं आमचे भासरे आले, अंजूच्या बापाचे मोठे भाऊ, मदनसिंग — हिचं कसं होईन म्हनून समोर बसून रडून राह्यले होते. कुकरची शिट्टी झाली, पाय उडाला, सारा चहा त्यायच्या धोतरावर. अंजू म्हने, माफ करा मोठेबाबा, पाय आखडला. मी दुसरा कप देल्ला, त्यायनं पुन्हा रडनं सुरू केलं, थो बी कप उडाला. अन् कुकर तर मी कवाचाच उतरवला होता बाई.

तर मॅडमनं पट्टा देल्ला — प्लास्टिकचं जाकीट समजा, छातीपासून कंबरेलोक. म्हने यानं पाठ सरळ नाही होनार, पन पोरगी नीट बसन, हात मोकळे राह्यतीन. बसते ना! दारात बसते, आपल्या हातानं जेवते — अर्धं सांडते, पन आपल्या हातानं — येनाऱ्याजानाऱ्याशी गप्पा हानते. मॅडमनं विचारलं का मी सांगो, हो, दिवसभर घालतो. आज अंजूनंच सांगून टाकलं, आई दुपारी काढून ठेवते. मी म्हनलं, घामोळ्या येते लेकराले. मॅडमनं पाठ पाह्यली — एक घामोळी नाही.

काढत होती, खरं हाये. पट्टा असला का तिले मी लागतच नाही बाई. काढला का हाका सुरू — आई, उशी सरकव, आई, पानी पाज. एकोनीस वर्स थेच आयकलं. आता दुपारभर मी काय करू? झोप बी येत नाही मले... अन् मॅडमनं नाही बसवलं बाहेर, कायले खोटं बोलू. अंजूच म्हनाली, "आई, तू जरा बाहेर बस. मले मॅडमसंग बोलाचं हाये."

हसून राह्यल्या दोघी, आयकलं? नाही, जात नाही मी आत. बलावन तवा जाईन.

तुमचं नाव पुकारलं बाई. जा तुमी.