बिल्कीस मॅडमच्या जागी येणारी खोली

सन्माननीय अध्यक्ष महोदय, संस्थेचे सचिव उत्तमराव, आज निवृत्त होणाऱ्या इंग्रजीच्या शिक्षिका, सत्कारमूर्ती बिल्कीस मॅडम, त्यांचे यजमान अब्दुल रहीमभाई आणि मोर्शीकर बंधुभगिनींनो,

प्रथम एक गंभीर तक्रार. आजचा चहा आचमनाच्या मापाने दिला गेला. ‘केशवाय नमः’ म्हटले. नारायणापर्यंत कप पोचलाच नाही. एवढ्यावर माझ्यासारख्या वार्ताहराला भाषण करायला लावणे हा अन्याय आहे.

असो. मी संस्कृत शिकलो ते ‘रामः रामौ रामाः’ घोकून. इंग्रजीही तशीच. दोन्हींत कुणाशी बोलायची वेळ आली नाही, म्हणून निभावले! पुढे फर्मान निघाले, इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्द उच्चारायचा नाही. मग संवादाची पुस्तके आली. त्यांत मोर्शीची पोरे लंडनच्या स्टेशनवर हमालाला हाका मारीत. प्रत्येक नव्या पद्धतीने जुनीला मूर्ख ठरवले. मॅडमनी सगळ्यांपुढे मान डोलावली आणि पोरांना इंग्रजीत भांडायला लावले. एकाने संत्री विकायची, दुसऱ्याने भाव पाडायचा.

“घरीही अशाच भांडतात का?” मी रहीमभाईंना मघाशी विचारले.

“घरी उर्दूत,” ते म्हणाले.

आता मॅडमची जागा भरायची नाही, असे ठरले आहे. त्याऐवजी भाषा-प्रयोगशाळा! गेल्या आठवड्यात तिची बातमी करायला गेलो. संगणकापुढे भिंतीकडे तोंड करून बसलेली पोरे, कानांवर कुणाकुणाच्या डोक्याच्या तेलाने चिकट झालेला हेडफोनचा स्पंज, आणि उत्तर बरोबर आले की डब्यातल्या टाळ्या. खरे सांगतो, शिसारी आली.

माझी आचल नववीत आहे. तीही तिथेच. पाहुणे आले की आत पळणारी मुलगी. पडदा तिला पुन्हा पुन्हा चूक ठरवत होता. शेवटी तिने कानावरचे काढून टेबलावर आपटले आणि मागे उभ्या असलेल्या मॅडमकडे वळली.

“मॅडम, हे मले बोलूच नाही देत!”

“जाऊ दे वं माय त्याले. मले सांग, कितीले देशीन संत्री?”

आचलने मोडक्या इंग्रजीत भाव सांगितला.

“टू मच! लुटून राहिली का मले?”

“यू नो बाय, यू गो!” आचल कडाडली.

वर्ग हसला, मॅडम सगळ्यांत जास्त. उत्तमराव, त्या वाक्याला तुमच्या खोलीत शून्य गुण आहेत. बापाच्या कानांनी मात्र आचलचा असा आवाज पहिल्यांदाच ऐकला.

मला बोलू दिलेत, आभारी आहे. जीभ सैल सुटली असेल तर पोटात घाला. पण सोमवारी मॅडम वर्गात नसतील. चुकल्यावर हसून ‘पुढे बोल’ म्हणणारे माणूस आचलला आता कुठे भेटेल, हे मला खरोखर माहीत नाही. मला त्याचीच भीती वाटते.