लूमवरची बोली

तुकोगंजमध्ये अपंगांना नोकरी लावून देणारी एक संस्था आहे. तिथं मी नंबरची वाट बघत बसलो होतो. शेजारी बंद कापड मिलचे दोन कामगार होते. एक बोलत होता, दुसरा त्याच्या हातांकडे बघत होता. समोर संस्थेची मुलगी.

"पंढरीनाथजी, शंकरराव लहानपणापासून बहिरे आहेत?"

"हो ना. पण आमच्या ध्यानात आलं ते मिल बंद झाल्यावर."

"असं कसं?"

"अहो ताई, लूम सुरू असले की ऐकू कोणाला येणार? आम्ही सगळेच हातानं बोलायचो. चहा, शिव्या, युनियनची मीटिंग, सगळं हातानंच. हा तर एक नंबर बातूनी!"

"आणि आता?"

"आता घरात चुपचाप बसतो. दोस्त भेटले तरी तोंडानं बोलतात. सवय सुटली त्यांची."

"फिकीर करू नका. पीथमपूरला एका फॅक्टरीत जागा आहे. पहिला महिना आमचा माणूस सोबत राहील, काम शिकवेल."

"त्याला मिलचे इशारे येतात?"

"नाही, बहिऱ्यांच्या शाळेतले येतात."

"शंकर शाळेत गेलाच नाही. बरं, मशिनी कशा आहेत तिथल्या?"

"एकदम नव्या. जरासुद्धा आवाज नाही!"

पंढरीनाथांनी हातांनी ते सांगितलं. शंकररावांचे हात हलले.

"काय म्हणाले?"

"विचारतोय, मग तिथं माझ्याशी बोलणार कोण?"