शिंप्याची तपासणी

दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलेल्या कारकुनाने तोंडासमोर पेपर धरला होता, पण कान समोरच्या बाकावर होते. तिथे एक म्हातारा शिंपी आणि त्याची बायको बसली होती.

“अहो, पुन्हा सांगा. आज वार कोणता?”

“काल कोणता होता?”

“आत असंच बोलणार? डॉक्टरांनी नापास केलं, तर मुलगा उद्याच दुकानाला कुलूप लावणार आहे.”

“तो? त्याला अजून सुईत दोरा ओवता येत नाही.”

“वार तरी सांगता येतो!”

“अगं, ते पेपरवाले बघ. डावा खांदा अर्धा इंच उतरलाय. शिवणाऱ्याने डोळे मिटून बाही लावलीय.”

“हळू बोला!”

“हळू बोलून बाही वर येणार आहे?”

कारकून सरळ बसला. तेवढ्यात नाव पुकारलं गेलं, दोघं आत गेली आणि दार अर्धवट उघडंच राहिलं.

“आजोबा, आज वार कोणता?”

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“ते राहू द्या, डॉक्टर. तुमच्या कोटाला पाठीत तीन बोटं घोळ आहे. उभे राहा बघू.”

थोड्या वेळाने नर्स बाहेर आली.

“कोणाकडे टाचण्या आहेत का हो? डॉक्टर हात पसरून उभे आहेत.”

कारकुनाने आपल्या कागदांची टाचणी काढून दिली.

“आजोबांना जरा विचाराल? उद्या दुकान किती वाजता उघडतं?”