मतपेटीच्या गाडीतला माणूस

म्हाताऱ्याच्या कोटावरच्या पक्षाच्या बिल्ल्याचा रंग कडेने उडाला होता. अमेरिकेतल्या आयोवामधल्या एका दवाखान्यात आपल्या नंबराची वाट पाहत समोर बसलेली मार्लिस ते पाहत होती. म्हाताऱ्याच्या बायकोने फोन तळव्याने झाकला.

"व्हर्न, पक्षाचा फोन. मतपेट्यांच्या राखणीसाठी वर्गणी हवीय."

"राखणीला माणूस मागितला, तर एकही पाठवला नाही. पेटी नेताना गाडीत दोन्ही पक्षांचा एकेक लागतो. आपल्याकडून कायम मीच."

"त्या दुसऱ्या पक्षाच्या डोलोरेसबरोबर फिरायला मिळतं की!"

"चेष्टा पुरे, आयडा. सरकारी खर्च कमी करू म्हणाले आणि निवडून आल्यावर वाढवला. आपल्याच माणसांनी."

"दरवेळी चिडतोस आणि नोव्हेंबरात निवडणुकीला पुन्हा गाडी काढतोस."

"बाबांपासून आपण याच पक्षात आहोत गं."

"ते फोनवर थांबलेत, व्हर्न. काय सांगू?"

त्याने बिल्ल्याच्या रंग उडालेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"सांग, मी पक्ष सोडला."