बियांची फुलं

बसच्या रांगेत माझ्या पुढे एक म्हातारी आणि तिचा दीर उभे होते.

"वहिनी, मागची खोली आता मला द्या. गाडी अंगणात उन्हात तापते."

"माझी फुलं सुकतात तिथे."

"उलटी टांगलेली! वटवाघळांचं घर करून ठेवलंय."

"वटवाघळं बरी. ती खोली मागत नाहीत."

"आणि यंदा टांगणार काय? सकाळीच तुमचा फुलांचा वाफा साफ केला मी. एकूण एक फूल छाटलं."

"पुरती उमललेली?"

"चांगली टपोरी. तुमचे कष्ट वाचवले."

"भावजी, इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलात आणि एवढंही दिसलं नाही? सुकवायचं फूल अर्धं मिटलेलं असतानाच कापायचं. बाकीचं ते अंधारात टांगल्यावर उमलतं. झाडावरच पुरतं उमललेलं सुकताना झडून जातं."

"मग प्रश्नच मिटला. खोली रिकामी."

"खोलीत जाऊन बघा. अर्ध्या मिटलेल्या कळ्या परवाच टांगल्यात, डोक्याला लागतील इतक्या."

"मग मी छाटली ती कसली?"

"बियांसाठी झाडावरच पिकू दिलेली. हे झाड एका वर्षाचं, दरसाल नवं पेरावं लागतं. आज मीच खुडणार होते, पण कंबर धरली. कुठे टाकलीत?"

"पोत्यात भरून ठेवली."

"तोंड बांधलंय?"

"बांधलंय."

"शाबास! म्हणजे बी सांडलं नाही. आणि तुमची गाडी उभी असते, ते अंगण कुणाचं?"

"...तुमचंच."

"मग दुसरी जागा बघा. यंदा बी भरपूर आहे, तिथेही पेरणार मी."