नावं झाकलेली वीस कार्डं

नमस्कार. आज रविवार. नानांच्या या अंगणात मी आठ महिन्यांनी येतोय. काकू, आधी त्याची माफी. आलो तेही फोटोला हार घातल्यावर. 

मघाशी इथे नानांना 'थोर संशोधक' म्हटलं गेलं. मंडळी, धुळ्यात आपल्या कॉलेजात आपण त्यांना काय म्हणायचो? 'लिपस्टिकवाले सर'. मीही हसलोय. त्यांचा सहायक असून.

त्यांचा प्रश्न साधा होता. बोटांच्या ठशासारखा ओठांच्या ठशावरून माणूस खात्रीनं ओळखता येईल का? वर्षं गेल्यावर ओठांवरच्या रेषा तशाच राहतात का? त्यासाठी आम्ही पिंपळनेरकडे घरोघर फिरलो. एक म्हातारी अक्का लाली लावायला तयार होईना. "ह्या वयमा माले लाली? लोके काय म्हनतीन?" नानांनी आधी स्वतःच्या ओठांना लावली. थोडी मिशीलाही लागली. अक्का खदखदून हसली. "आते दिखस नवरदेव!" म्हणाली, आणि कार्डावर ओठ टेकवले.

दहा वर्षांनी पुन्हा गेलो. अक्काचा नवा ठसा बघून मी लगेच म्हणालो, "नाना, जुळतोय." नाना म्हणाले, "जुळतोय, की जुळावा असं वाटतंय?" त्यांनी जुन्या कार्डांवरची नावं झाकली, कार्डं पिसली आणि पुन्हा जुळवायला सांगितलं. मी अक्काच्या ठशाशेजारी तिच्या लेकीचं जुनं कार्ड ठेवलं. नाना रागावले नाहीत. वहीत लिहिलं, 'चूक'. मग वीस नवी कार्डं, नावं झाकून, पाकिटात घालून मला दिली. "जुन्या कार्डांशी सवडीनं जुळव. चुकलास तरी सांग."

ते पाकीट आठ महिने माझ्या टेबलात पडून आहे. म्हणून मी येत नव्हतो. काय सांगणार होतो? पेपर होते, मिटिंगा होत्या? नाना फोनवर म्हणायचे, "घाई नाही रे." घाई होती. मला कळायला हवं होतं.

आणि जुनी कार्डं कॉलेजातल्या ज्या कपाटात आहेत, ते रिकामं करायची नोटीस लागली आहे. प्राचार्य सर, आपण समोरच बसला आहात. एवढा मोठा हार आणला आपण. एका कपाटाला जागा नाही?

नानांचं म्हणणं खरं ठरेल का, मला माहीत नाही. त्यांनाही नव्हतं. पण कार्डं रद्दीत गेली, तर ते कुणालाच कधी कळणार नाही.

आता दोन मिनिटं गप्प उभे राहू या. कुणी 'थोर' म्हणू नका. माझ्या वहीत उद्याच्या पानावर एकच ओळ आहे: पाकीट उघडणे, पहिलं कार्ड जुळवणे.