शेवटची दोन रिळं

(१९७७. रविवारची सकाळ. सोलापुरातल्या एका थेटरातली मशीनची खोली. ऑपरेटर रुद्रप्पा, आणि त्याचा मेहुणा सोमलिंग, शाळामास्तर आणि फिल्म मंडळाचा चिटणीस.)

सोमलिंग : दोन वर्षांपूर्वी त्या रविवारी मी बार्शीहून आलो. एस्टीतून उतरतोय तोवर आपल्या गल्लीतला गुरुसिद्धप्पा समोर. म्हणाला, तुमची अक्का बाराला गेली. तिथंच स्टँडवर खाली बसलो मी. आणि ज्या माणसानं अक्काची चिठ्ठी खिशात ठेवून सिनेमा बघितला, त्या श्रीमंतला परत गेटवर तिकिटं फाडायला घ्या म्हणता, दाजी?

रुद्रप्पा : बुधवारीच म्हणलो होतो. श्रीमंत गेटवर असंल तर मी मशीन चालवतो. तू व्हय म्हणलास.

सोमलिंग : बघू म्हणालो होतो.

रुद्रप्पा : मग बघ की. साडेदहाला अजून पंधरा मिंटं हायती.

सोमलिंग : हट्ट सोडा. खाली सहाशे माणूस बसलंय. तिसऱ्यांदा येतोय हा सिनेमा सोलापुरात, तरी बाल्कनी फुल. फ्रेंच एकालाही कळत नाही. खालची इंग्रजी अक्षरं वाचणारे शंभर नसतील.

रुद्रप्पा : वाचायचं काय हाय त्यात? औषधवाल्यानं चुकून इखाची बाटली दिली. बाटली ह्या हातातनं त्या हातात, आन् हा सायकलवरनं तिच्या मागं. एवढंच.

सोमलिंग : तेच म्हणतो. तो वेळेत पोचतो हे सगळ्यांना माहीत आहे, तरी तिकीट काढतात.

रुद्रप्पा : साखर पेठेतला एक विणकर येतो. पहिल्या बारीला वरडला, आरं त्या घरात न्हाय, पलीकडं. दुसऱ्या बारीलाबी तितंच वरडला. मी विचारलं, तुला तर ठावं हाय की. तर म्हणला, मला ठावं हाय, त्याला कुटं ठावं हाय?

सोमलिंग : आज परत ओरडेल. लावा आता.

रुद्रप्पा : कल्लप्पाला सांग.

सोमलिंग : कल्लप्पा तुमचा हेल्पर, मशीन येते त्याला, पण ही प्रिंट बघा, नुसते जोड. जळाली तर मुंबईवाले पुन्हा मंडळाला काही देणार नाहीत. तुम्हीच पाहिजे.

रुद्रप्पा : श्रीमंत कुटं हाय?

सोमलिंग : बाहेर, सायकल स्टँडपाशी. कामावरनं काढला तरी दर रविवारी येऊन उभा राहतो. लाज नाही.

रुद्रप्पा : असं म्हणू नगंस.

सोमलिंग : का नको? शेजारची सुंदरम्मा पळत आली. पावणेबाराला त्याच्या हातात चिठ्ठी दिली, छातीत कळ आलीय, लगेच या. तुम्हाला ती कधी मिळाली? खेळ सुटल्यावर. आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर हा तोंड वर करून सांगतो, मी तेव्हाच नेऊन दिली. तुम्ही मान खाली घातलीत. माणूस दुःखात आहे, त्याला काय विचारायचं, म्हणून मीच मालकांकडं गेलो आणि त्याला काढायला लावलं.

रुद्रप्पा : त्यानं दिली होती.

सोमलिंग : काय?

रुद्रप्पा : चिठ्ठी. तेव्हाच. जिना चढून धापा टाकत आला. बाराला चौदा मिंटं होती, हे घड्याळ समोरच हाय. म्हणला, रुद्राण्णा, निघ.

सोमलिंग : आणि तुम्ही?

रुद्रप्पा : वाचली. दोन रिळं राहिली होती.

सोमलिंग : हां. मशीन सोडून कसं जाणार? पब्लिकनं खुर्च्या मोडल्या असत्या. नोकरी आहे, दाजी. मालकांनी...

रुद्रप्पा : कल्लप्पा खाली कँटीनमध्ये चहा पीत होता. हाक मारली असती तर आला असता. श्रीमंतच म्हणला, मी बलावतो त्याला. मीच म्हणलो, थांब, एवढं होऊ दे.

सोमलिंग : का?

रुद्रप्पा : नागव्वाला कळ अधनंमधनं यायचीच. वाटलं, वीस मिंटांनी काय होतंय.

सोमलिंग : म्हणून थांबलात?

रुद्रप्पा : न्हाय. मला बघायचं होतं तो पोचतो का.

सोमलिंग : त्या दिवशी दुसरी वेळ होती, पहिल्या वेळीही तुम्हीच चालवला होता. शेवट माहीत होता तुम्हाला.

रुद्रप्पा : व्हय. तरीबी डोळा निघंना. त्याची सायकल पुलावर आली, तिकडं त्या बाईनं चमचा भरला. मी ह्या झरोक्याला डोळा लावून उभा. चिठ्ठी हातात. तो पोचला. मी सव्वाबाराला घरी गेलो.

सोमलिंग : अक्का विचारत होती. आले का, आले का.

रुद्रप्पा : मलाबी सांगितलंय सुंदरम्मानं.

सोमलिंग : आणि दोन वर्षं मी त्या माणसाला... त्यानं पोरगी शाळेतनं काढली, दाजी. माझ्याच वर्गात होती, गौरम्मा. हुशार होती.

रुद्रप्पा : ठावं हाय.

सोमलिंग : ठावं आहे म्हणता. दोन वर्षं जेवलात कसे?

रुद्रप्पा : जेवलो.

सोमलिंग : जेवलात.

रुद्रप्पा : तू बोल काय बोलायचं ते. मी ऐकतो.

सोमलिंग : आत्ता काही बोललो तर हात उचलेन. खाली पाय आपटायला लागलेत. लावा सिनेमा. सुटल्यावर जाऊ श्रीमंतकडं.

रुद्रप्पा : सुटल्यावर न्हाय.

सोमलिंग : दीड तासाचा तर प्रश्न आहे.

रुद्रप्पा : त्या दिवशी वीस मिंटांचा होता.

सोमलिंग : मग त्याला वर बोलावतो. इथंच सांगा.

रुद्रप्पा : नगं. त्यानं कशाला जिना चढायचा? मीच जातो. कल्लप्पाला बलाव. दिव्याचे कार्बन लावलेत. चौथ्या रिळाचा जोड कच्चा हाय, तितं लक्ष ठेव म्हणावं.

सोमलिंग : तुटली तर?

रुद्रप्पा : तुटंल. जोडंल.

सोमलिंग : मालकांना काय सांगणार आहात?

रुद्रप्पा : तेच, जे तुला सांगितलं. त्याला कामावर घ्या म्हणणार. मला काढलं तरी चालंल.

सोमलिंग : आणि श्रीमंतला?

रुद्रप्पा : ठरवलं न्हाय.

सोमलिंग : दर रविवारी समोर असतो तुमच्या. एकदाही काही बोलला नाहीत?

रुद्रप्पा : एकदा जवळ गेलो होतो. त्यानं माझी सायकल धरली, स्टँडला लावली. मी वर आलो. त्याच्याशी अजून एक शब्द बोललो न्हाय.